अक्षरांवरून शब्दाचा शोध : इंग्रजी शब्दसंग्रहाच्या मांडणीचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

इंग्रजी कोश हाती घेणाऱ्या वाचकाला शब्दाचे पहिले अक्षर ठाऊक असते, असे कोशकाराने गृहीत धरलेले असते. पहिले अक्षर ठाऊक असेल तर दुसरे, दुसरे ठाऊक असेल तर तिसरे, अशा क्रमाने वाचक इष्ट शब्दापर्यंत पोहोचतो. परंतु ज्याला शब्दाचे केवळ अंत्याक्षर ठाऊक आहे, ज्याला मधली दोन अक्षरे सापडली आहेत, किंवा ज्याला अमुक एक अक्षर असलेले सर्व शब्द एकत्र पाहावयाचे आहेत, त्याला हा कोश जवळजवळ निरुपयोगी ठरतो. शब्द सर्व तेथेच असतात. पण त्या भांडाराचे दार एकच आणि ते शब्दाच्या आरंभाशी असते.

दुसऱ्या बाजूने आत शिरण्याची गरज मात्र अनेकांना पडली. कवीला यमक हवे होते, मुद्रकाला खिळ्यांचे प्रमाण, गुप्तलिपी उलगडणाऱ्याला अक्षरांचा आकृतिबंध, शब्दकोडे सोडविणाऱ्याला रिकाम्या चौकटीत बसणारा शब्द आणि भाषाभ्यासकाला प्रत्ययांची जंत्री. ह्यांपैकी प्रत्येकाच्या गरजेसाठी कोणाला तरी तोच शब्दसंग्रह नव्याने मांडावा लागला. ही पुनर्रचना शतकानुशतके हाताने झाली आणि तिच्यामागचे श्रम बहुतांशी अनामिक राहिले. प्रस्तुत लेखात ह्या पुनर्रचनेच्या ठळक टप्प्यांचा परामर्श घेतला असून, अक्षरांची गणना कशावरून करावयाची ह्या प्रश्नाकडे विशेष लक्ष दिले आहे. कारण ह्या विषयातील बरेचसे घोटाळे त्या एका प्रश्नाच्या उपेक्षेतून उद्भवलेले आहेत.

२. अकारविल्हे क्रमाची प्रतिष्ठा

आज अकारविल्हे क्रम इतका स्वाभाविक वाटतो की, तो कोणाला शिकवावा लागला असेल ह्यावर विश्वास बसत नाही. वस्तुतः मध्ययुगीन युरोपात ज्ञानाची मांडणी विषयानुसार करणे हेच शिष्टसंमत होते. ईश्वर, देवदूत, मनुष्य, पशू, वनस्पती अशी सृष्टीची उतरंड ग्रंथातही पाळली जावी, अशी अपेक्षा असे. केवळ अक्षराच्या योगायोगाने देवाला पशूच्या शेजारी बसविणे अप्रशस्त वाटे. जिनोआचा डॉमिनिकन पंडित जोव्हान्नी बाल्बी ह्याने १२८६ मध्ये ‘कॅथॉलिकॉन’ हा लॅटिन कोश सिद्ध केला, तेव्हा शब्दातील पहिल्या अक्षराप्रमाणेच पुढील अक्षरांचाही क्रम कसा लावावयाचा हे त्याला उदाहरणांनी विस्तारपूर्वक समजावून द्यावे लागले, आणि ह्या खटाटोपाला तुच्छ लेखू नये अशी विनंतीही वाचकाला करावी लागली.

तीन शतकांनंतर इंग्लंडातही स्थिती फारशी बदललेली नव्हती. केवळ इंग्रजी शब्दांचा इंग्रजीतच अर्थ देणारा पहिला कोश म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो रॉबर्ट कॉड्री ह्याचा ‘अ टेबल अल्फाबेटिकल’ १६०४ मध्ये निघाला. त्यात सुमारे अडीच हजार कठीण शब्द आहेत. लॅटिनचा अभ्यास न झालेल्या स्त्रिया व अन्य अनभ्यस्त वाचक डोळ्यांपुढे ठेवून तो रचलेला होता. कॉड्री ह्या वाचकाला प्रथम वर्णमालेचा क्रम पाठ करण्यास सांगतो. ‘ए’ने आरंभ होणारा शब्द तक्त्याच्या आरंभी आणि ‘व्ही’ने आरंभ होणारा शेवटाकडे शोधावा, ‘सी’च्या पोटातही ‘सी-ए’ आधी आणि ‘सी-यू’ नंतर, असे तो बजावतो. छापील ग्रंथाला दीडशे वर्षे होऊन गेल्यावरही एवढे सांगावे लागत होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

हा क्रमही त्या काळी पूर्णपणे स्थिरावलेला नव्हता. ‘आय’ आणि ‘जे’, तसेच ‘यू’ आणि ‘व्ही’ ही अक्षरे दीर्घकाळ एकाच अक्षराची दोन रूपे मानली जात. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या सुप्रसिद्ध कोशातही ह्या जोड्यांतील शब्द परस्परांत मिसळलेले आढळतात. ज्याला ‘जे’ असलेले शब्द वेगळे काढावयाचे होते, त्याला जॉन्सनच्या कोशाने आरंभाच्या दारातूनही नीट प्रवेश दिला नसता.

३. अंत्याक्षरांचा मार्ग

शब्द शेवटाकडून शोधण्याची सोय इंग्रजीत कॉड्रीच्याही आधी झाली होती. पीटर लेव्हिन्स ह्याचा ‘मॅनिप्युलस व्होकॅब्युलोरम’ हा इंग्रजी-लॅटिन कोश १५७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील इंग्रजी शब्द अंत्य अवयवांनुसार लावलेले आहेत. पुढे जॉन वॉकर ह्या नटाने, जो नंतर उच्चारशास्त्राचा अध्यापक म्हणून नावारूपाला आला, १७७५ मध्ये आपला यमककोश प्रसिद्ध केला. त्यात शब्द शेवटच्या अक्षरापासून उलट वाचून अकारविल्हे लावले आहेत. एका विशिष्ट अंत्याक्षरसमूहाचे सर्व शब्द त्यामुळे एकाच ठिकाणी येतात. यमक हा उद्देश खरा. परंतु वॉकरची मांडणी उच्चारावर नव्हे, लेखनावर आधारलेली आहे, आणि इंग्रजीत लेखन व उच्चार ह्यांचे सख्य नाही. एकाच ‘ओ-यू-जी-एच’ ह्या अक्षरसमूहाने संपणाऱ्या ‘टफ’, ‘दो’, ‘थ्रू’, ‘कॉफ’ ह्या शब्दांची परस्परांत यमके जुळत नाहीत. अर्थात कवीसाठी म्हणून रचलेला हा ग्रंथ प्रत्यक्षात लेखनरूपांच्या अभ्यासकाला अधिक उपयोगी पडला, असे म्हणावयास हरकत नाही.

भारतीय कोशपरंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला ह्यात नवल वाटणार नाही. अमरकोशातील नानार्थवर्गाची मांडणी अंत्य व्यंजनानुसार, म्हणजे कान्त, खान्त अशा क्रमाने केलेली आहे. महेश्वराच्या ‘विश्वप्रकाशा’त (इ. स. ११११) आणि मेदिनीकोशात अंत्य व्यंजनाला अक्षरसंख्येची जोड दिलेली आहे, ‘कद्विक’, ‘कत्रिक’ अशा शीर्षकांखाली ककारान्त द्व्यक्षरी व त्र्यक्षरी शब्द स्वतंत्रपणे येतात. अंत्य वर्ण आणि लांबी ह्या दोन कसोट्यांवर एकाच वेळी शब्द शोधण्याची ही सोय युरोपीय कोशांच्या कितीतरी आधीची आहे. मराठी वाचकाला मात्र इंग्रजी शब्दसंग्रहाची ओळख झाली ती आरंभाच्या दारातूनच. मोल्सवर्थ आणि कँडी ह्यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये मुंबईत निघाला, तेव्हा उच्चारस्थानांवर उभारलेल्या वर्णमालेत वाढलेल्या विद्यार्थ्याला कोणत्याही शास्त्रीय तत्त्वावर न बेतलेला रोमन क्रम मुखोद्गत करणे भाग पडले. कॉड्रीच्या वाचकाची अडचण अशा रीतीने दुसऱ्या भूमीत पुन्हा उभी राहिली.

४. मुद्रकाचे खिळे आणि तारयंत्र

कोणते अक्षर किती वेळा येते, हा प्रश्न कोशकारांच्या आधी मुद्रकांना भेडसावला. खिळे जुळविणाऱ्याच्या पेटीतील ‘ई’ संपले तर ‘क्यू’चे खिळे भरपूर असूनही काम अडते. म्हणून खिळे विकत घेताना प्रत्येक अक्षराचे प्रमाण ठरवूनच घ्यावे लागे, आणि छापखान्याच्या पेट्यांमध्ये इंग्रजी भाषेतील अक्षरांचे गणित न बोलता साठविलेले असे.

ह्या साठ्याचा शास्त्रीय उपयोग तारयंत्राच्या निमित्ताने झाला. सॅम्युएल मोर्सची मूळ कल्पना शब्दांना क्रमांक देऊन ते क्रमांक पाठविण्याची होती. त्यासाठी क्रमांकित शब्दांचा एक स्वतंत्र कोशच लागणार होता. पुढे १८३८ च्या सुमारास प्रत्येक अक्षराला स्वतंत्र संकेत देण्याची पद्धत आली. मोर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल ह्याने न्यू जर्सीतील मॉरिसटाउन येथील छापखान्यात खिळ्यांचे प्रमाण पाहिले, असे सांगितले जाते. मोर्सच्या नावाशी निगडित असलेल्या प्रसिद्ध गणनेत ‘ई’चे १२,०००, ‘टी’चे ९,०००, ‘ए’, ‘आय’, ‘एन’, ‘ओ’, ‘एस’ ह्यांचे प्रत्येकी ८,००० आणि ‘एच’चे ६,४०० खिळे आहेत, ‘क्यू’चे ५०० आणि ‘झेड’चे केवळ २००. ‘ई’ला एक बिंदू आणि ‘टी’ला एक रेघ हे सर्वांत छोटे संकेत मिळाले, ह्याचे कारण ह्या आकड्यांतच आहे.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानी घेतला पाहिजे. मुद्रकाची गणना ही प्रवाही मजकुराची गणना होय, कोशाची नव्हे. मजकुरात ‘द’, ‘दॅट’, ‘ही’, ‘हिज’ असे शब्द पानापानावर येतात आणि त्यामुळे ‘एच’ वर चढतो. वरील गणनेत ‘एच’चे प्रमाण शेकडा ६ पडते. उलट ऑक्सफर्डच्या संक्षिप्त कोशातील मुख्य शब्दांची जी गणना प्रसिद्ध आहे, तीत ‘एच’ शेकडा ३ वर, म्हणजे निम्म्यावर उतरतो. ‘टी’ दुसऱ्या स्थानावरून सहाव्यावर जातो. ‘आर’ मात्र तिसऱ्या स्थानापर्यंत वर चढतो. कारण कोशात ‘द’ हा शब्द एकदाच येतो आणि ‘अर’, ‘री’ असे आगम-प्रत्यय लागलेले शब्द हजारोंनी येतात. ‘ई’ तेवढा दोन्ही याद्यांत शेकडा ११ च्या आसपास राहून अग्रस्थान टिकवितो. तेव्हा ‘इंग्रजीत अमुक अक्षर किती आढळते’ ह्या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. लिहिल्या जाणाऱ्या शब्दांत किती, आणि अस्तित्वात असलेल्या शब्दांत किती, हे दोन भिन्न प्रश्न आहेत.

मुद्रकाची गणना पुढे यंत्राच्या रचनेतच उतरली. ओटमार मर्गेनथालर ह्याचे लायनोटाइप यंत्र १८८६ मध्ये ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ ह्या पत्राच्या छपाईसाठी वापरात आले. त्याच्या कळफलकाच्या पहिल्या दोन स्तंभांत ‘ई, टी, ए, ओ, आय, एन’ आणि ‘एस, एच, आर, डी, एल, यू’ अशी अक्षरे होती. ओळ चुकली की कामगार ह्या दोन स्तंभांवरून बोट फिरवून ती भरून टाकी. काढून टाकावयाची ही ओळ कधीकधी तशीच छापली जाई. १९७८ च्या जुलैमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ह्या यंत्रांचा निरोप घेतला, तोपर्यंत अक्षरगणनेचा हा निरर्थक अवशेष वाचकांच्या ओळखीचा झालेला होता.

५. गुप्तलिपी : एका प्रसिद्ध यादीची परीक्षा

अक्षरांच्या वारंवारतेवरून गुप्तलेख उलगडण्याची पद्धत नवव्या शतकातील अरब विद्वान अल्‌किंदी ह्याने लिहून ठेवली होती. इंग्रजी वाचकवर्गात ती लोकप्रिय केली ती एडगर ॲलन पो ह्याच्या ‘द गोल्ड बग’ ह्या १८४३ मधील कथेने. कथेचा नायक अक्षरांचा एक क्रम सांगतो, आणि तो पुष्कळांनी प्रमाण मानला. परंतु ही यादी परीक्षेला उतरत नाही. तीत ‘ई’ प्रथम, नंतर ‘ए, ओ, आय’ आणि मग ‘डी, एच, एन, आर, एस, टी, यू, वाय’ अशी अक्षरे येतात; त्यापुढे ‘सी’पासून ‘डब्ल्यू’पर्यंत सहा आणि शेवटी ‘बी’पासून ‘झेड’पर्यंत सहा. ‘जे’ आणि ‘व्ही’ ह्यांना यादीत स्थानच नाही. हे तिन्ही गट आपापल्या पोटात अकारविल्हे आहेत, ही गोष्ट सूचक आहे. मूळ आधारग्रंथात अक्षरांचे केवळ वर्ग सांगितलेले असावेत आणि वर्गातील अकारविल्हे क्रमालाच पुढे वारंवारतेचा क्रम समजले गेले असावे, असा निष्कर्ष ह्यावरून निघतो.

ह्या यादीप्रमाणे ‘टी’ दहाव्या स्थानावर येतो. तथापि कथेतील गुप्तलेखात ‘ई’चे चिन्ह ३३ वेळा आणि त्याखालोखाल ‘टी’चे चिन्ह २६ वेळा येते, असे नायक स्वतःच मोजून दाखवितो. म्हणजे यादी आणि पुरावा ह्यांत उघड विसंगती आहे. नायक यशस्वी होतो तो यादीच्या बळावर नव्हे. ‘ई’ निश्चित केल्यावर तो ‘द’ हा त्र्यक्षरी शब्द हुडकतो, म्हणजे विशिष्ट अक्षर विशिष्ट स्थानी असलेला शब्द शोधतो. गुप्तलिपिशास्त्राची पुढील प्रगती ह्याच दिशेने झाली. एकाच अक्षराची शब्दात कोठे पुनरावृत्ती होते ह्यानुसार शब्दांच्या याद्या करण्यात आल्या. अशा यादीत अर्थाला किंवा पहिल्या अक्षराला महत्त्व नसते. ‘पहिले व चौथे अक्षर एक, दुसरे व तिसरे एक’ अशा साच्यांत शब्द वाटलेले असतात. ‘नून’ आणि ‘डीड’ हे अर्थाने दूरचे शब्द ह्या दृष्टीने सख्खी भावंडे ठरतात.

६. शब्दकोडे आणि शब्दखेळ

आर्थर विन ह्याचे पहिले शब्दकोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ ह्या पत्राच्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात आले. १९२४ मध्ये कोड्यांचे पहिले पुस्तक निघाले आणि अमेरिकेत त्याची लाट उसळली. कोडे सोडविणारे लोक कोशांवर तुटून पडत असल्यामुळे खऱ्या अभ्यासकांना जागा मिळत नाही, अशी तक्रार न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने नोंदविली. ह्या तक्रारीत एक विसंगती दडलेली आहे. हे लोक ज्या कोशांवर तुटून पडत होते, ते त्यांच्या कामासाठी रचलेलेच नव्हते. सात चौकटींपैकी तिसरी आणि सहावी भरलेली असता उरलेला शब्द कोणता, ह्या प्रश्नाला अकारविल्हे कोश उत्तर देत नाही.

छापील ग्रंथाची ह्यातील मर्यादा गणितानेच सिद्ध होते. सात अक्षरी शब्दाची कोणती अक्षरे ठाऊक असतील ह्याचे, एक अक्षर ठाऊक असण्यापासून सर्व ठाऊक असण्यापर्यंत, १२७ प्रकार संभवतात. प्रत्येक प्रकारासाठी वेगळी मांडणी छापणे अशक्य होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शब्द लांबीनुसार वेगळे करून, एकच शब्द निरनिराळ्या अक्षरांखाली पुनःपुन्हा छापणारे साहाय्यक कोश निघाले. परंतु त्यांनाही एका वेळी एकाच ज्ञात अक्षराचा आधार घेता येई.

आल्फ्रेड बट्स ह्या अमेरिकन वास्तुविशारदाची कामगिरी ह्या संदर्भात उल्लेखनीय आहे. १९३० नंतरच्या मंदीत बेकार झाल्यावर त्याने एक शब्दखेळ रचावयास घेतला. अक्षरांच्या सोंगट्यांचे प्रमाण ठरविण्यासाठी त्याने ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावरील अक्षरे हाताने मोजली. हाच खेळ १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो ह्याने ‘स्क्रॅबल’ ह्या नावाने बाजारात आणला. त्याच्या १०० सोंगट्यांत दोन कोऱ्या, ‘ई’च्या १२ आणि ‘ए’ व ‘आय’च्या प्रत्येकी ९ आहेत. ‘एस’च्या मात्र चारच ठेवल्या आहेत, कारण नामाला ‘एस’ जोडून अनेकवचन करण्याची पळवाट मोकळी राहिली असती. ‘एच’च्या केवळ दोन आहेत. वृत्तपत्राच्या मजकुराप्रमाणे त्या सहा असावयास हव्या होत्या. मोजणी मजकुराची असली तरी अखेरचे प्रमाण कोशाच्या बाजूला झुकले, आणि ते योग्यच होते. कारण खेळाडू मजकूर लिहीत नसतो, कोशातला सुटा शब्द शोधीत असतो.

७. पत्रिकांपासून संगणकापर्यंत

कोशकारांनाही अखेर शब्दाच्या मागच्या दाराची गरज भासली. अमेरिकेतील मेरियम-वेबस्टर ह्या कोशसंस्थेने विसाव्या शतकाच्या मध्यास तीन लाखांहून अधिक पत्रिकांची एक उलटी सूची तयार करविली. प्रत्येक पत्रिकेवर एकेक शब्द उलट टंकलिखित केलेला होता. एखाद्या अंत्यपदाचे सर्व सामासिक शब्द किंवा एखाद्या प्रत्ययाचे सर्व शब्द ह्या सूचीमुळे एकत्र पाहता येत. ज्या टंकलेखकांनी उलट्या अक्षरांचे हे नीरस काम तडीला नेले, त्यांची नावे कोशाच्या मुखपृष्ठावर नाहीत. १९६३ मध्ये ए. एफ. ब्राउन ह्याने इंग्रजी शब्दांची सुलट व उलट अशी यादी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून आठ खंडांत प्रसिद्ध केली. तेथे संगणकाचे साहाय्य होते.

निर्णायक बदल त्यानंतरच्या दशकात झाला. केन टॉम्पसन ह्याने १९६८ मध्ये अक्षरांचा दिलेला साचा मजकुरात शोधण्याची रीत प्रसिद्ध केली आणि १९७३ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतील युनिक्स प्रणालीत ‘ग्रेप’ ही आज्ञा आली. साच्यातील अज्ञात अक्षराच्या जागी बिंदू लिहावयाचा आणि यंत्राने संपूर्ण यादी आरंभापासून अखेरपर्यंत वाचून जुळणारे शब्द काढून द्यावयाचे, एवढेच तिचे तत्त्व. १२७ मांडण्यांचा प्रश्न ह्यामुळे सुटला नाही, तर उद्भवेनासा झाला. कारण मांडणीचीच आवश्यकता उरली नाही. वेबस्टरच्या १९३४ च्या कोशातील २,३०,००० हून अधिक शब्दांची यादी अशा प्रणालींबरोबर उपलब्ध होऊ लागली. पाचही स्वर एकेकदाच व वर्णक्रमाने आलेले ‘फेसिशस’ आणि ‘ॲब्स्टीमियस’ ह्यांसारखे शब्द, ज्यांच्यासाठी पूर्वी आयुष्याचे फावले क्षण खर्ची पडत, ते क्षणार्धात हाती येऊ लागले.

अक्षरांची उलटापालट करून होणारे शब्द शोधण्याची युक्ती तर अधिक मनोरंजक आहे. प्रत्येक शब्दातील अक्षरे आधी अकारविल्हे लावावयाची आणि त्या क्रमाने आलेला साचा त्या शब्दाची खूण मानावयाची. ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ ह्या दोहोंची खूण ‘ई, आय, एल, एन, एस, टी’ अशीच निघते. बाल्बीने शब्दांना लावलेला क्रम येथे शब्दाच्या पोटातील अक्षरांना लागला आहे.

८. उपसंहार

ह्या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक अशी की, शब्दसंग्रहाची मांडणी ही कधीही तटस्थ नसते. ती कोणासाठी तरी केलेली असते, आणि इतरांसाठी तोच संग्रह बंद राहतो. लेव्हिन्स, वॉकर, बट्स आणि उलट्या पत्रिकांचे टंकलेखक ह्यांनी एकेक नवे दार उघडले. त्याची किंमत संपूर्ण संग्रह पुन्हा हाताळण्याच्या श्रमाने चुकती केली. संगणकाने हे श्रम संपविले, हा लाभ निर्विवाद आहे.

दुसरी गोष्ट अशी की, यंत्राने यादी वाचून दिलेले उत्तर त्या यादीइतकेच विश्वसनीय असते. ‘क्यू’नंतर ‘यू’ नसलेले शब्द मागितले तर अरबी-हिब्रूतून आलेले मोजके परके शब्द हाती येतात. त्यामागे अकराव्या शतकातील नॉर्मन विजयानंतर लेखकांनी ‘क्वीन’सारख्या देशी शब्दांचे लेखन ‘सी-डब्ल्यू’ऐवजी ‘क्यू-यू’ने रूढ केले हा इतिहास आहे, हे यादी सांगत नाही. शतकापूर्वी मेलेला शब्द आणि आज प्रत्येकाच्या तोंडी असलेला शब्द तिच्या लेखी सारखेच. पोच्या वाचकांनी गटांच्या क्रमाला वारंवारतेचा क्रम मानले, ही चूक गणनेची नव्हती; यादी कशाची आहे हे न विचारण्याची होती. शोधाचे साधन कितीही वेगवान झाले तरी हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी अभ्यासकाकडेच राहते.